कॅमेरा वाट पाहत नाही

अलीकडे बऱ्याच शाळांत मायक्रोकंट्रोलरचे छोटे बोर्ड दिसू लागले आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे ते अनेक लहान गावांतल्या शाळांतही पोहोचले. दिवा लावणे-विझवणे, तापमान मोजणे, मातीतला ओलावा पाहून पंप सुरू करणे हे प्रयोग मुले सहज करतात. मग एखादा उत्साही गट बाजारातून नखाएवढा कॅमेरा बसवलेली छोटी पट्टी आणतो आणि ती बोर्डाला जोडतो. तारा जोडल्या, प्रोग्रॅम भरला, की पडद्यावर चित्र येईल अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात येतो तो रंगीत ठिपक्यांचा गोंधळ. मुले प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासतात, तारा बदलतात आणि शेवटी कॅमेराच खराब निघाला असे ठरवून तो खणात ठेवून देतात.

बहुतेक वेळा कॅमेरा ठीक असतो. प्रोग्रॅमच्या तर्कातही चूक नसते. राहिलेला असतो तो एक साधा भागाकार. तो आधी केला असता, तर हे काम या पद्धतीने होणारच नाही हे दहा मिनिटांत कळले असते. आणि मग कोणत्या पद्धतीने होईल, याचा शोधही तिथूनच सुरू झाला असता. या लेखात आपण तो भागाकार करू आणि त्याच्या उत्तराचा माग काढत पुढे जाऊ.

कॅमेरा काय पाठवतो?

उदाहरणासाठी ओव्ही ७६७० हा कॅमेरा घेऊ. स्वस्त असल्यामुळे छंद म्हणून काम करणाऱ्यांत तो फार लोकप्रिय आहे. त्याच्या संवेदकावर प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म घरांच्या रांगा असतात. चित्रात ४८० रांगा आणि प्रत्येक रांगेत ६४० बिंदू असतात. प्रकाश जितका जास्त, तितका त्या घरात विद्युतभार जास्त. हा भार मोजून त्याचा आकडा बनवण्याचे काम कॅमेऱ्याच्या चिपमध्येच होते. बाहेर येतात ते फक्त आकडे. ते आठ तारांवरून येतात, एका वेळी आठ बिट म्हणजे एक बाइट.

या आठ तारांशिवाय आणखी तीन तारा महत्त्वाच्या आहेत. पहिली ठोक्याची तार. तिच्यावरचा विद्युतदाब वर-खाली होत राहतो आणि प्रत्येक वेळी तो वर गेला की 'आता आठ तारांवरचा बाइट उचला' असा इशारा मिळतो. दुसरी तार रांगेची. एखादी रांग चालू असेपर्यंत ती वर असते, रांग संपली की खाली येते. तिसरी तार चित्राची. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या वेळात ती इशारा देते. वर्गात शुद्धलेखन घालताना आपण शब्द सांगतो, 'नवी ओळ' म्हणतो आणि शेवटी 'पान उलटा' म्हणतो. तसेच हे आहे. फरक एवढाच, की आपण मुलांचे लिहून होईपर्यंत थांबतो. कॅमेरा थांबत नाही.

तो भागाकार

रंगीत चित्रात हा कॅमेरा प्रत्येक बिंदूसाठी दोन बाइट पाठवतो. म्हणजे एका चित्राचे ६४० × ४८० × २ = ६,१४,४०० बाइट झाले. सेकंदाला अशी ३० चित्रे येतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १ कोटी ८४ लाख बाइट होतात. पण हे बाइट सारख्या अंतराने येत नाहीत. प्रत्येक रांगेनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडी मोकळी जागा असते. ती धरली तर रांग ७८४ बिंदूंची आणि चित्र ५१० रांगांचे होते. ७८४ × ५१० × ३० × २ हा गुणाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ २ कोटी ४० लाख येईल. म्हणूनच ठोक्याची तार सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके देते, म्हणजे २४ मेगाहर्ट्झने चालते.

आता १ भागिले २ कोटी ४० लाख. दोन ठोक्यांमधले अंतर ४१.७ नॅनोसेकंद निघते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त साडेबारा मीटर पुढे जातो.

दुसऱ्या बाजूला शाळेतला बोर्ड पाहू. अर्डुइनो उनो या बोर्डावर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो आणि तो १६ मेगाहर्ट्झने चालतो. त्याचा स्वतःचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. त्याची सर्वांत सोपी आज्ञासुद्धा एक ठोका घेते. म्हणजे तो एक आज्ञा पुरी करतो, तोवर कॅमेऱ्याचा एक बाइट येऊन पुढचाही येण्याच्या वाटेवर असतो!

आणि काम एका आज्ञेत होत नाही. ठोका आला का ते पाहायचे, आला नसेल तर पुन्हा पाहायचे, आला की बाइट वाचायचा, स्मृतीत ठेवायचा, ठोका खाली जाण्याची वाट पाहायची आणि परत पहिल्या पायरीवर यायचे. या साऱ्याला साधारण दहा ठोके धरले तर ६२५ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात कॅमेरा १५ बाइट देऊन मोकळा होतो. दर १५ बाइटमधला एक हाती लागला, तर पडद्यावर ठिपक्यांचा गोंधळ दिसणारच.

स्मृतीचाही हिशोब करू. या मायक्रोकंट्रोलरमध्ये चालू कामासाठी २,०४८ बाइटची स्मृती आहे. चित्राची एक रांग १,२८० बाइटची. म्हणजे दीड रांगेतच सगळी जागा भरते आणि ४७८ रांगा दाराबाहेर उभ्या राहतात.

कॅमेराच हळू केला तर?

हा प्रश्न मुले हमखास विचारतील आणि तो रास्त आहे. कॅमेऱ्याचा ठोका मंद करण्याची सोय त्याच्यातच असते. काही जण तसे करून, शिवाय प्रत्येक चित्रातून थोडाच भाग उचलून, स्थिर वस्तूंची चित्रे मिळवतातही. पण त्याची किंमत द्यावी लागते. हा कॅमेरा सगळे चित्र एका क्षणी टिपत नाही. तो वरून खाली एकेक रांग टिपत जातो. ३० पट हळू केला तर वरची रांग आणि खालची रांग यांच्यात जवळजवळ एका सेकंदाचे अंतर पडते. फुलदाणीचे चित्र ठीक येईल. समोरून जाणारी सायकल मात्र तिरपी झालेली दिसेल आणि फिरत्या पंख्याची पाती वाकलेली दिसतील.

मग दुसरा प्रश्न येतो. मायक्रोकंट्रोलरच शंभरपट वेगवान घेतला तर? त्यानेही अडचण पूर्ण सुटत नाही. वेगवान संगणकाला एकाच वेळी अनेक कामे सांभाळायची असतात. मध्येच दुसरे काम आले, की हातातले बाजूला ठेवून तो तिकडे वळतो. दिवसाच्या शेवटी त्याची सरासरी उत्तम असते. पण ज्याला ८ वाजून ५ मिनिटांची लोकल गाठायची आहे, त्याला सरासरीने वेळेवर पोहोचून चालत नाही. कॅमेऱ्याचा प्रत्येक ठोका म्हणजे अशीच एक लोकल, आणि ती ४१.७ नॅनोसेकंदांनी सुटते. एक चुकली की तो बाइट कायमचा गेला.

काम करण्याच्या दोन रीती

मायक्रोकंट्रोलर आज्ञा एकीमागून एक पाळतो. एकच हुशार कारकून आहे, समोर कामांची यादी आहे आणि तो क्रमाने कामे उरकतो आहे. यादी बदलली की तोच कारकून नवे काम करू लागतो, हे त्याचे बलस्थान. पण तो एका वेळी एकच गोष्ट करतो.

दुसरी रीत म्हणजे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र विद्युतमंडल बांधणे. ही मंडले यादी वाचत नाहीत. ठोका पडला की सगळी एकदम आपापले काम करतात. पूर्वी यासाठी लॉजिकच्या अनेक चिपा पट्टीवर लावून तारांनी जोडाव्या लागत. थोडा बदल करायचा तर झाळलेले सांधे सोडवून पुन्हा झाळावे लागत. ही जोडणी चिपच्या आतच, हवी तशी करता आली तर? या कल्पनेतून प्रोग्रॅमेबल लॉजिकच्या चिपा आल्या. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या अमेरिकी कंपनीने पाल नावाच्या चिपा बाजारात आणल्या. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीची एक्ससी २०६४ ही चिप आली. कंपनीचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेवर ती आधारलेली होती. तिच्यात लॉजिकचे ६४ ठोकळे होते आणि त्यांच्यामधली जोडणी वापरणारा स्वतः ठरवू शकत होता. अशा चिपांना एफपीजीए म्हणतात. आजच्या मोठ्या एफपीजीएमध्ये असे लाखो ठोकळे असतात. त्यांची लहान भावंडे म्हणजे सीपीएलडी. आपल्या कामाला तेवढी पुरतात.

अशा ठोकळ्यात असते तरी काय? एफपीजीएच्या ठोकळ्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे उत्तरांचा तक्ता. चार तारा आत येतात. त्यांच्यावर ० आणि १ यांच्या १६ जोडण्या शक्य आहेत. प्रत्येक जोडणीला उत्तर ० की १, हे १६ खणांत लिहून ठेवायचे. मग हाच तक्ता 'आणि', 'किंवा' अथवा आणखी कोणताही तर्क करू शकतो. नववी-दहावीच्या मुलांना असा तक्ता स्वतः भरायला द्यावा, त्यांना तो गणिताच्या पाढ्याइतकाच सोपा वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे फ्लिप-फ्लॉप. ही एक बिट धरून ठेवणारी डबी. ठोका पडला की दारातला बिट ती आत घेते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तोच धरून ठेवते.

चित्र पकडणारी चिप

आता आपल्या कॅमेऱ्यासाठी काय लागेल ते मांडू. बाहेर एक वेगवान स्मृती हवी. १० लाखांवर बाइट मावतील आणि १० नॅनोसेकंदांत बाइट लिहून होईल, अशा चिपा मिळतात. या स्मृतीला दर बाइटबरोबर 'कोणत्या खणात ठेवू' हा पत्ता सांगावा लागतो. पत्ता दर ठोक्याला एकाने वाढला पाहिजे. हे काम मोजणी करणाऱ्या मंडलाचे, ज्याला काउंटर म्हणतात. ६,१४,४०० पर्यंत मोजायला किती बिट लागतील? दोनाचा १९ वा घात ५,२४,२८८ आहे, तो अपुरा पडतो. २० वा घात १०,४८,५७६ आहे, तो पुरतो. म्हणजे २० फ्लिप-फ्लॉप हवेत. एक्ससी ९५७२एक्सएल या छोट्या सीपीएलडीत ७२ आहेत.

बाकीचे नियम थोडेच आहेत. चित्राच्या तारेचा इशारा आला की पत्ता शून्य करायचा. रांगेची तार वर असेल तरच बाइट लिहायचा आणि पत्ता वाढवायचा, नाहीतर गप्प बसायचे. झाले! पाहणे, ठरवणे, लिहिणे आणि मोजणे ही चारही कामे एकाच ठोक्यात होतात, कारण प्रत्येकाचे मंडल वेगळे आहे. अशा चिपमधून संकेत पलीकडे जायला ५ ते १० नॅनोसेकंद लागतात. आपल्याजवळ ४१.७ आहेत.

फक्त काळे-पांढरे चित्र हवे असेल तर आणखी एक गंमत करता येते. हा कॅमेरा पहिला बाइट उजेडाचा, दुसरा रंगाचा, तिसरा उजेडाचा, चौथा रंगाचा अशा क्रमाने पाठवू शकतो. रंगाची माहिती दोन शेजारच्या बिंदूंत वाटून दिलेली असते, कारण आपल्या डोळ्याला उजेडातले बारीक फरक रंगातल्या फरकांपेक्षा चांगले कळतात. मग एक आड एक बाइट सोडून दिला की झाले. त्यासाठी दर ठोक्याला उलटणारा एक फ्लिप-फ्लॉप पुरतो. त्या एका डबीने निम्मी स्मृती वाचते.

चित्र स्मृतीत आले की मायक्रोकंट्रोलरचे काम सुरू होते. आता घाई नाही. नळाला पाणी सकाळी तासभर येते, आपण ते दिवसभर वापरतो, कारण मध्ये टाकी असते. इथली टाकी म्हणजे ही स्मृती. मायक्रोकंट्रोलर तिच्यातून आपल्या वेगाने एकेक बाइट काढतो आणि संगणकाकडे पाठवतो. नेहमीच्या १,१५,२०० बिट प्रतिसेकंद या वेगाच्या तारेवरून सेकंदाला ११,५२० बाइट जातात. म्हणजे एक रंगीत चित्र जायला सुमारे ५३ सेकंद लागतात. पण ते चित्र टिपले गेले एक तीसांश सेकंदात. सायकल तिरपी झालेली नाही! शिवाय कॅमेऱ्याला सुरुवातीच्या सूचना देणे, कधी चित्र घ्यायचे ते ठरवणे, घेतलेल्या चित्रात काय आहे ते तपासणे ही विचाराची कामेही मायक्रोकंट्रोलरचीच. त्यांना घाई नसते आणि ती वारंवार बदलतात.

एक व्यावहारिक सूचना. कॅमेऱ्याच्या अशा पट्ट्या ३.३ व्होल्टवर चालतात आणि अर्डुइनो उनो ५ व्होल्टवर. दोघांच्या तारा सरळ जोडल्या तर कॅमेरा बिघडू शकतो. मधे दाब उतरवणारे मंडल लावावे.

दोन घड्याळांचा तंटा

एक नाजूक प्रश्न उरतो. कॅमेऱ्याचा ठोका वेगळा, मायक्रोकंट्रोलरचा वेगळा. दोघांच्या घड्याळांचा एकमेकांशी संबंध नाही. मायक्रोकंट्रोलरने 'चित्र घे' अशी तार वर केली आणि नेमका त्याच क्षणी कॅमेऱ्याचा ठोका पडला तर? सुटत्या गाडीचे दार बंद होत असताना चढणारा माणूस क्षणभर धड आतही नसतो आणि धड बाहेरही नसतो. फ्लिप-फ्लॉपचेही तसेच होते. त्यातला बिट काही काळ ० आणि १ यांच्यामध्ये लोंबकळतो. या वेळी एका मंडलाने तो ० वाचला आणि दुसऱ्याने १, तर सारे बिनसते.

उपाय साधा आहे. दोन फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक ठेवायचे. पहिला लोंबकळला तरी त्याला स्थिर व्हायला एक पूर्ण ठोका मिळतो आणि दुसरा त्याच्याकडून पक्का बिट घेतो. धोका शून्य होत नाही, पण नगण्य होतो.

एकीकडे लिहिणे आणि दुसरीकडे वाचणे एकाच वेळी चालू ठेवायचे असेल, तर पत्त्याचा पूर्ण आकडा या सीमेपलीकडे न्यावा लागतो. तिथे अडचण वाढते. द्विमान पद्धतीत ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. तीनही बिट एकदम बदलतात. मधल्या क्षणी वाचणाऱ्याला ७ दिसू शकतात किंवा ०. यासाठी बेल प्रयोगशाळेतले फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा क्रम वापरतात. त्याचे पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळाले. त्या क्रमात ३ साठी ०१० आणि ४ साठी ११० लिहितात. फक्त एकच बिट बदलतो, त्यामुळे चुकलाच तर वाचणारा एका घराने चुकतो. मुलांना ० ते ७ हे आकडे दर वेळी एकच बिट बदलून लिहायला सांगा. कोडे म्हणूनही ते छान आहे.

वर्गात करून पाहा

पहिला खेळ. एका मुलाला पुढे बोलवा. तुम्ही टाळी वाजवून एकेक अंक सांगा. त्याने प्रत्येक अंकात ७ मिळवायचे, उत्तर फळ्यावर लिहायचे आणि एकूण किती अंक झाले ते दुसऱ्या कोपऱ्यात लिहायचे. टाळ्या थोड्या जलद केल्या की त्याचे अंक सुटू लागतील. आता तीन मुले घ्या. एकाने बेरीज करून सांगायची, दुसऱ्याने ती लिहायची, तिसऱ्याने टाळ्या मोजायच्या. तिघांपैकी कोणीही पहिल्या मुलापेक्षा चपळ नाही, तरी अंक सुटत नाहीत. आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्या. प्रत्येक उत्तर फळ्यावर उमटते ते एक टाळी उशिरा. उत्तर उशिरा येणे आणि कमी उत्तरे येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा खेळ. आलेखाच्या कागदावर ८ × ८ घरांत एक अक्षर रंगवा आणि ते ० व १ च्या रूपात वाचून दाखवा. मध्ये एक आकडा मुद्दाम गाळा. 'नवी रांग' असे सांगत असाल, तर एकाच रांगेचा उरलेला भाग सरकेल. तसे न सांगता नुसते आकडे मोजत गेलात, तर तिथून खालचे सारे अक्षर सरकेल. रांगेची तार कशासाठी हवी, ते समजावून सांगावे लागणार नाही.

नव्या चिपा, जुने तत्त्व

आता काही मायक्रोकंट्रोलर थेट कॅमेरा जोडता येईल असे येतात. त्यांनी ही विभागणी रद्द केलेली नाही, ती आपल्या पोटात घेतली आहे. एसटीएम३२ जातीच्या काही चिपांत कॅमेऱ्यासाठी खास मंडल असते. ते मुख्य प्रोसेसरला न विचारता बाइट उचलून स्मृतीत ठेवते. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावरच्या चिपमध्ये तारांकडेच लक्ष ठेवणारी आठ छोटी यंत्रे आहेत. त्यांना मोजक्या आज्ञा शिकवता येतात आणि मुख्य प्रोसेसर काहीही करत असला तरी ती आपला ठोका चुकवत नाहीत.

मोठ्या यंत्रणांतही हेच दिसते. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडीकडून दोन असे ६० संकेत येतात. तिच्या सुधारित यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झ रुंदीपर्यंतचा पट्टा घेता येतो. एवढा पट्टा नोंदवायला प्रत्येक संकेताच्या सेकंदाला किमान ८० कोटी नोंदी घ्याव्या लागतात. आकाशही वाट पाहत नाही. तिथे येणारे आकडे पकडण्याचे पहिले काम एफपीजीए करतात आणि पुढचे गणित संगणकांकडे जाते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा गट नवा संवेदक घेऊन आला, तर प्रोग्रॅमच्या आधी त्यांच्याकडून तीन आकडे मागा: सेकंदाला किती बाइट येणार, एका बाइटसाठी किती वेळ मिळणार आणि ठेवायला जागा किती आहे. तापमान मोजायचे असेल तर उत्तर 'भरपूर वेळ' असे येईल आणि साधा बोर्ड पुरेल. कॅमेरा असेल तर कोणते काम मंडलाला द्यायचे आणि कोणते प्रोग्रॅमला, ते मुलांनाच वहीत दोन रकाने आखून लिहू द्या. रकाने नीट भरले गेले, तर कॅमेरा खणात जाणार नाही.